आडवे शब्द, उभे शब्द

शब्दकोडे सोडविणाऱ्या माणसाकडे घरची मंडळी ज्या नजरेने पाहतात, ती नजर एरवी रिकामटेकड्यांसाठी राखून ठेवलेली असते. पत्ते खेळणाऱ्याला निदान चार जणांची सोबत असते, पेटी वाजविणाऱ्याचे सूर शेजारीपाजारी ऐकू तरी जातात. कोडे सोडविणारा मात्र पेन्सिल कानावर ठेवून भिंतीकडे पाहात बसतो, आणि तो काही करीत आहे यावर कोणाचाच विश्वास बसत नाही. मी गेली कित्येक वर्षे या बिनविश्वासाच्या जमातीत आहे, म्हणून तिची बाजू आज या पानावर मांडावी म्हणतो.

ही नापसंती केवळ आपल्या घरचीच नाही, हे आधी सांगून टाकतो. आर्थर विन नावाच्या गृहस्थाने न्यूयॉर्कच्या ‘वर्ल्ड’ या पत्रात २१ डिसेंबर १९१३ रोजी पहिले कोडे छापले. ते शंकरपाळ्याच्या आकाराचे होते. दहा-अकरा वर्षांत त्याचे वेड इतके पसरले, की १९२४ साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’ या भारदस्त पत्राने हा वेळेचा निव्वळ अपव्यय असल्याचा निर्वाळा दिला. त्याच पत्राने १५ फेब्रुवारी १९४२ पासून स्वतः कोडे छापावयास सुरुवात केली, आणि ते अद्याप चालू आहे. लंडनच्या ‘टाइम्स’ने तर १ फेब्रुवारी १९३० पासूनच माघार घेतली होती. युद्धाच्या दिवसांत लंडनच्या ‘डेली टेलिग्राफ’ने बारा मिनिटांत कोडे सोडविण्याची पैज लावली, आणि तीत भाग घेतलेल्यांपैकी काहींना पुढे शत्रूचे सांकेतिक संदेश उलगडण्याच्या गुप्त कामावर बोलावणे आले. भिंतीकडे पाहात बसणाऱ्यांना याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणते हवे?

परंतु इंग्रजी कोडे आणि मराठी कोडे यांचे फक्त कपडे सारखे आहेत, अंतरंग वेगळे. इंग्रजी कोड्याच्या एका घरात सव्वीसांपैकी एक अक्षर बसते. मराठी कोड्याच्या घरात सबंध अक्षर राहावयास येते, तेही आपल्या काना-मात्रा-वेलांटीच्या लटांबरासह. ‘स्त्री’ या शब्दात ध्वनी चार, पण घर एकच. चौतीस व्यंजने आणि बाराखडीची बारा रूपे एवढाच हिशेब धरला तरी चारशे आठ अक्षरे होतात. जोडाक्षरे त्याहून निराळी. आता आडव्या शब्दातील ‘की’ उभ्या शब्दातही ‘की’च पाहिजे, तिथे ऱ्हस्व ‘कि’ चालणार नाही. दोन शब्दांची गाठ एका घरात घालून देणे हे इंग्रजी रचनाकाराला जितके सोपे, तितके आपल्या रचनाकाराला कठीण. म्हणूनच मराठी कोड्यात लांबलचक शब्द क्वचित येतात आणि काळी घरे अधिक असतात. हा रचनाकाराचा आळस नव्हे, लिपीचा स्वभाव आहे.

या स्वभावाचा सोडविणाऱ्यास फायदाही होतो. इंग्रजीत एक अक्षर हाती लागले तर फार थोडे हाती लागते. मराठीत तीन अक्षरी शब्दाचे मधले अक्षर ‘ळू’ आहे एवढे कळले, की निम्मी लढाई जिंकली. शिवाय आपले काही घरगुती कायदे आहेत. ‘ळ’ किंवा ‘ण’ या अक्षराने अस्सल मराठी शब्द सुरू होत नाही. तेव्हा ज्या घरातून उभा शब्द निघतो, तिथे आडव्या शब्दाचा ‘ळ’ येणे शक्य नाही. असे कायदे कोणी शिकवीत नाही. पेन्सिल झिजविता झिजविता ते अंगी मुरतात.

लेखनाच्या नियमांनीही या खेळाला नकळत हातभार लावला आहे. मराठी साहित्य महामंडळाचे नवे नियम १९६२ साली आले, १९७२ साली त्यांत भर पडून ते अठरा झाले, आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. पूर्वी ‘नांव’ म्हणजे माणसाचे आणि ‘नाव’ म्हणजे नदीतली. ‘पांच’ म्हणजे संख्या आणि ‘पाच’ म्हणजे हिरवे रत्न. आता दोहोंचे रूप एकच झाले. जुन्या शिक्षकांनी त्याबद्दल हळहळ व्यक्त केली असेल. कोडेवाल्यांना मात्र घबाड मिळाले. ‘एका हाताच्या बोटांइतके हिरवे रत्न (२)’ असे सूचक आता खुशाल देता येते. ‘नुसत्या नावावर पैलतीर गाठता येतो (२)’ हे दुसरे. त्यात परमार्थ शोधीत बसलेल्या गृहस्थाला तास-दोन तास सापडत नाही, की उत्तर सूचकातच उघड्यावर पडले आहे.

हा खेळ परदेशातून आला हे खरे, पण ज्या जमिनीत तो रुजला ती काही पडीक नव्हती. वात्स्यायनाच्या चौसष्ट कलांत प्रहेलिका आहे, समस्यापूर्ती आहे, अक्षरमुष्टिकाही आहे. ज्या भोजराजाच्या नावाशी आमच्या शहराचे नाव जोडतात, त्याने ‘सरस्वतीकंठाभरण’ या ग्रंथात प्रहेलिकांचा आणि चित्रबंधांचा रीतसर विचार केला आहे. आणि त्याच्या धारनगरीत भोजशाळेत, सर्पाच्या वेटोळ्यांत वर्ण आणि व्याकरणाचे प्रत्यय बसविलेले शिलालेख आहेत. दगडावर आखलेली घरे आणि त्यांत भरलेली अक्षरे! मराठीत मोरोपंतांनी एकशे आठ रामायणे रचली. त्यांतले निरोष्ठ रामायण ओठांना ओठ न लावता म्हणता येते. ‘हा पांडित्याचा खेळ, यात काव्य किती?’ असा आक्षेप त्यांच्यावर पूर्वीपासून आहे. आक्षेप खरा असेलही. पण शब्दांशी खेळण्याची हौस ही शब्दांवरील प्रेमाचीच एक तऱ्हा आहे, हे आक्षेपकांनाही नाकारता येत नाही.

आता आमच्या अरेरा कॉलोनीकडे येतो. ही वसाहतच मुळी एखाद्या कोड्यासारखी आखलेली आहे. ई-१ पासून ई-८ पर्यंत तिचे भाग. बाजाराला नाव विचाराल तर ‘दहा नंबर’, पुढचे बसथांबे अकरा नंबर आणि बारा नंबर. नवा माणूस पत्ता शोधीत फिरू लागला, की ‘सात आडवा, दहा उभा’ असे त्याला सांगावेसे वाटते. नावाचेच पाहा: ‘अरेरे’ या उद्गारात एका मात्रेच्या जागी काना दिला की अरेरा.

या भागात मराठी माणूस आला तो बहुतांशी १ नोव्हेंबर १९५६ नंतरच्या भोपाळात. नवे मध्य प्रदेश राज्य झाले, भोपाळ राजधानी झाली, आणि कचेऱ्यांच्या पेट्या-दप्तरांबरोबर कारकून, इंजिनिअर, शिक्षक असे सगळे आले. कोणी नागपूरहून, कारण जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी तिथे होती. कोणी ग्वाल्हेर-इंदूरहून, कारण मध्य भारताचा कारभार त्या दोन शहरांतून चाले. शिंद्यांची मराठी, होळकरांची मराठी आणि भोसल्यांच्या नागपूरची मराठी अशा तिन्ही एका गल्लीत येऊन राहिल्या. रविवारी सकाळी आमच्या गल्लीतल्या एका व्हरांड्यात पाच-सहा जण कोडे घेऊन बसतात. कोड्याचे कात्रण पुण्या-मुंबईचा कोणी नातेवाईक फोनवर छायाचित्र काढून पाठवितो. एकदा सूचक होते, ‘हिच्यावाचून हिरवी चटणी नाही’. नागपूरच्या बाईंनी तत्काळ ‘सांबार’ म्हटले. ग्वाल्हेरकर आजोबा म्हणाले, ‘बाई, सांबार हे इडलीबरोबर मिळते.’ बाई म्हणाल्या, ‘ते तुमच्याकडे. आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि ती बाजारात जुडीने मिळते.’ घरे चार होती, तेव्हा कोथिंबीरच बसली. पण बाईंचा प्रश्न तसाच राहिला आणि तो मला आजही रास्त वाटतो. विदर्भातल्या घराघरांतला शब्द कोड्याच्या घरात का नाही?

महाराष्ट्राबाहेरील मराठी माणसाची खरी पंचाईत आणखी वेगळी आहे. आमच्या मुलांच्या कानावर दिवसभर हिंदी असते, आणि हिंदी ही मराठीची इतकी सख्खी बहीण आहे की तिचे कपडे अदलाबदलीने सहज अंगावर येतात. ‘शिक्षा’ हा दोन अक्षरी शब्द घ्या. महाराष्ट्रात ती गुन्हा केल्यावर मिळते, भोपाळात शाळेत नाव घातल्यावर. ‘चेष्टा’ तिकडे थट्टेत होते, इकडे कष्टाने करावी लागते. मराठीत ‘प्रकृती’ बिघडली की वैद्य बोलावतात. हिंदीत तिच्या सौंदर्यावर कविता करतात. ‘अभ्यास’, ‘संसार’, ‘आपत्ती’, ‘खुलासा’ अशी ही यादी कितीही लांबविता येईल. पुण्यातल्या रचनाकाराने सरळ मनाने दिलेले साधे सूचक आमच्याकडे येईपर्यंत आपोआप दुहेरी होते. शेजारचा बारा वर्षांचा मुलगा ‘हरकत, अडथळा’ या अर्थासाठी ‘आपत्ती’ भरू पाहतो, आणि ते का चालत नाही हे त्याला सांगताना दोन भाषांमधली सीमारेषा नकाशावर दाखवावी तशी दाखविता येते. व्याकरणाच्या तासाला हे जमत नाही. तिथे मुलगा ऐकत नसतो. इथे त्याला पुढचे घर भरावयाचे असते.

याच परिस्थितीचा फायदाही सांगितला पाहिजे. बंगळूर-चेन्नईतल्या किंवा परदेशातल्या मराठी मुलापुढे आधी लिपीचीच भिंत उभी असते. आमच्या मुलांना देवनागरी येतेच. त्यांच्यापुढे मराठीचे दार नुसते लोटलेले आहे, त्याला कुलूप नाही. फक्त ‘ळ’ हे अक्षर त्यांना ओळखीचे करून द्यावे लागते. हिंदीत आमचे शहर ‘भोपाल’, मराठीत ‘भोपाळ’. भोजाने बांधलेली पाळ, म्हणजे तळ्याचा बांध, त्यावरून भोजपाळ व पुढे भोपाळ, अशी एक व्युत्पत्ती सांगतात. मी एकदा व्हरांड्यातल्या मंडळींसाठी सूचक केले होते: ‘भोपाळच्या शेवटी सापडेल, तळ्याकाठीही आणि कानाशीही (२)’. ‘पाळ’ हे उत्तर मोठ्यांच्या आधी मुलांनी दिले. आपल्या गावाच्या नावात कानाची पाळ दडलेली आहे, याचा त्यांना झालेला आनंद कोणत्याही पाठ्यपुस्तकाने दिला नसता. तसेच एकदा ‘१७३८ साली बाजीराव व निजाम यांचा तह झाला ते गाव (३)’ असे आले. पुण्याच्या वाचकाला इतिहासाचे पुस्तक उघडावे लागले असेल. आमच्या मंडळींनी ‘दोराहा’ म्हणून लगेच लिहिले, कारण ते गाव इथून फार दूर नाही.

निराशेचे क्षण मात्र पुष्कळ, आणि ते सांगितल्याशिवाय ही बाजू प्रामाणिक होणार नाही. पहिली निराशा आपल्या स्मरणाची. शब्द ओठांवर असतो, त्याची लांबी ठाऊक असते, शेवटचे अक्षर ठाऊक असते, आणि तरी तो येत नाही. बाजारात, आंघोळीत, कोणाच्या लग्नात अक्षतांच्या वेळीही तो डोक्यात घोळत राहतो. दुसरी निराशा रचनाकाराची. कठीण सूचक आणि अन्यायी सूचक यांत फरक आहे. ‘नदी उलटली की माणूस असा होतो (२)’ हे सूचक कठीण आहे, पण न्यायी आहे. ‘नदी’ची अक्षरे उलट वाचा, ‘दीन’ मिळतो. पुरात सर्वस्व गेलेला माणूस दीनच होतो. आणि दोन्हीकडे ‘दी’ दीर्घच आहे. रचनाकाराने फसविले खरे, पण किल्ली आपल्यासमोरच ठेवून फसविले. याउलट ‘एक पक्षी (३)’ एवढेच म्हणून कावळा, चिमणी, साळुंकी यांपैकी कोण मनात आहे ते ओळखा म्हणणे, हा अन्याय. एका पुरवणीत ऱ्हस्व ‘दिन’ आणि दीर्घ ‘दीन’ यांची गाठ एकाच घरात घालून दिलेली मी पाहिली आहे. अशा वेळी तो कागद चुरगाळणाऱ्याला मी दोष देणार नाही.

अन्यायी कोड्यांचा एक काळ आपल्या देशाने पाहिला आहे, आणि तो तरुण वाचकांस ठाऊक नसेल. स्वातंत्र्याच्या आगेमागे बक्षिसी शब्दकोड्यांचा सुळसुळाट झाला. प्रवेशाचे पैसे भरावयाचे आणि कोडे पाठवावयाचे. सूचक असे, की एकाच घरात दोन अक्षरे सारखीच शोभावीत. बरोबर कोणते, तर चालकांच्या मोहोरबंद उत्तराशी जे जुळेल ते. यात बुद्धीचे काम थोडे आणि नशिबाचे फार. मुंबई राज्याने १९४८ साली त्यावर कायदा केला. मग १९५५ साली संसदेने केला, आणि त्यासाठी ठराव करणाऱ्या राज्यांत आमच्या इकडचे मध्य भारतही होते. महिन्याकाठी एकूण एक हजार रुपयांहून अधिक बक्षीस देण्यास आणि दोन हजारांहून अधिक प्रवेशिका घेण्यास त्या कायद्याने बंदी केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. एप्रिल १९५७ मध्ये न्यायालयाने सांगितले, की जुगार हा व्यापार म्हणून संरक्षणास पात्र नाही. पण ज्या स्पर्धेत यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून असते, ती जुगार नव्हे. शब्दकोडे हा बुद्धीचा खेळ की नशिबाचा, हा व्हरांड्यातला वाद देशाच्या सर्वोच्च न्यायासनापुढे गेला, याची मला मोठी मौज वाटते. आणि न्यायालयाने जी कसोटी लावली, तीच मी रोजच्या कोड्याला लावतो: उत्तर कळल्यावर ‘हे मला सुचावयास हवे होते’ असे वाटले, तर कोडे चांगले; ‘हे कोणाला कसे सुचावे?’ असे वाटले, तर ती सोडत.

मग आनंद कोणता? बक्षीस तर नाही. आनंद असा, की जो शब्द आपल्याजवळ आहे हेच आपण विसरलो होतो, तो एकाएकी समोर उभा राहतो. इंदूरच्या एका काकूंना ‘घडवंची’ हा शब्द तीन दिवसांनी आठवला. पाण्याचे हंडे-घागरी ठेवण्याची ती लाकडी चौकट त्यांच्या माहेरी होती; त्यांच्या सुनेने ती कधी पाहिली नाही, नातीने शब्दही ऐकला नव्हता. त्या सकाळी कोडे बाजूला राहिले आणि अर्धा तास त्या घरातल्या स्वयंपाकघराचे वर्णन झाले. वस्तू गेली की तिचा शब्द बेघर होतो. आमच्यासारख्या परमुलखात तो दुप्पट वेगाने बेघर होतो, कारण तो वापरणारी माणसे मोजकी असतात. मोल्सवर्थने १८३१ साली आणि दाते-कर्व्यांनी १९३२ ते १९३८ या वर्षांत असे शब्द कोशांत सांभाळून ठेवले. पण कोश हे शब्दांचे बँकेतले खाते आहे. तिथले चलन बाजारात आणण्याचे काम कोडे करते, दररोज दहा-वीस शब्दांचे का होईना.

आता फोनवर सूचक लिहिले की उत्तर तत्काळ मिळते. त्याविरुद्ध ओरडण्याचा माझा विचार नाही. कोशही उघडू नये असे म्हणणारे सोवळे कोडेवाले मला पूर्वीही मान्य नव्हते. एवढेच सांगतो, की काकूंनी तीन दिवस शोधलेली ‘घडवंची’ त्यांच्या नातीच्या लक्षात राहिली आहे. तीन सेकंदांत मिळालेली राहिली असती की नाही, याची शंका आहे. ज्याला घाई आहे त्याने उत्तर जरूर पाहावे. घाई नसणे हीच तर या खेळातली चैन आहे.

मला दोन विनंत्या करावयाच्या आहेत. पहिली, कोडी रचणाऱ्या मंडळींस. मराठी केवळ पुण्या-मुंबईत बोलली जात नाही. नागपूरचा ‘सांबार’, माळव्यातल्या आणि बडोद्याच्या मराठी घरांतले शब्द, गोव्याकडचे, बेळगावकडचे शब्द यांनाही अधूनमधून घर द्या. सूचकात ‘वऱ्हाडात’ किंवा ‘माळव्यात’ एवढे एक पद घातले, की न्यायही राहतो आणि शब्दही राहतो. दुसरी विनंती महाराष्ट्राबाहेरील घरांस. मुलांना मराठी यावी म्हणून आपण पुस्तकांचे गठ्ठे आणतो आणि ते कपाटात राहतात. त्याऐवजी रविवारी एक कोडे मध्ये ठेवा, पेन्सिल मुलाच्या हातात द्या, आणि उत्तर येत असले तरी थोडा वेळ गप्प बसा. हे गप्प बसणे फार अवघड आहे, हे मी अनुभवाने सांगतो. पण आठवड्याला चार नवे शब्द जरी त्या मुलाच्या घरात राहावयास आले, तरी वर्षाला दोनशे होतात. आणि दोनशे शब्दांवर आजीशी भांडणसुद्धा मराठीत करता येते.